समुद्रापलीकडे राहिलेली नावे

स्मरणिका म्हणजे स्मरणाची वही. तीत आपण मंडळाच्या हळदीकुंकवाचे, सहलींचे, दिवंगत भगिनींचे स्मरण करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु आपल्या कोकणातून व घाटावरून जे तरुण पलटणीत भरती झाले, समुद्रापार लढावयास गेले आणि परत आले नाहीत, त्यांच्याविषयीही चार शब्द लिहावेत असे मला यंदा वाटले.

किहीमच्या पुळणीवर उभे राहिले की खांदेरी-उंदेरी दिसतात आणि दूरवर मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या आगबोटी दिसतात. याच समुद्रातून 16 ऑक्टोबर 1914 रोजी मुंबईहून फौजेने भरलेल्या बोटी इराणच्या आखाताकडे निघाल्या. त्यांत 117 वी मराठा पलटण होती. 6 नोव्हेंबरला ही फौज फाव येथे उतरली आणि त्याच महिन्यात बसरा शहर इंग्रजांच्या हाती आले. मागाहून 103 वी व 110 वी या मराठा पलटणीही त्या मुलखात गेल्या. त्या देशाला आज इराक म्हणतात. तेव्हाच्या बोलण्यात तो मेसोपोटेमिया होता.

हे लोक का गेले? शौर्याची परंपरा होती हे खरे. पण पोटाची खळगी हेही तितकेच खरे. भाताची दोन खाचरे आणि खाणारी तोंडे दहा अशी स्थिती असली की कोकणचा मुलगा गिरणीत, बोटीवर नाहीतर पलटणीत जात असे. घरी मनीऑर्डर येत राही. ती यायची बंद झाली की काय समजायचे ते बायका समजत.

1915 च्या नोव्हेंबरात बगदादजवळ टेसिफॉन येथे मोठी लढाई झाली. प्रचंड हानी होऊन फौज मागे हटली व तैग्रिस नदीच्या वळणावर कुत-अल-अमारा या गावी अडकली. तुर्कांनी 7 डिसेंबर 1915 पासून वेढा घातला. आपल्या तिन्ही मराठा पलटणी त्या वेढ्यात होत्या. अन्न संपत आले तेव्हा घोडे व खेचरे मारून खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्मबुद्धीने ते मांस फार दिवस नाकारले. उपासमार झाली, भाजीपाल्यावाचून हिरड्या सुजून रक्त येऊ लागले. अखेर जवळजवळ पाच महिन्यांनी, 29 एप्रिल 1916 रोजी, सुमारे 13 हजार माणसे शरण गेली. कैद्यांना उन्हातून वाळवंटात पायी चालवीत नेले, रेल्वेच्या बांधकामावर जुंपले. त्यातले हजारो परतले नाहीत. 117 व्या पलटणीला पुढे 1921 साली ‘रॉयल’ हा किताब मिळाला. पण किताब पलटणीला मिळतो, घरी वाट पाहणाऱ्या आईला नाही.

त्या आघाडीवर पडलेल्या आणि थडगे नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांसाठी 1929 साली बसरा येथे स्मारक उभारले गेले. त्यावर इंग्रज शिपायांची नावे आहेत. हिंदी लोकांपैकी मात्र अंमलदारांचीच नावे कोरली. साध्या शिपायांच्या वाट्याला पलटणीचे नाव आणि आकडा एवढेच आले. अमुक पलटण, इतके मेले! 2021 साली युद्धस्मारकांची व्यवस्था पाहणाऱ्या आयोगाने असा भेदभाव झाल्याचे मान्य करून माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, चूक कबूल झाली.

पतीचे नाव घेणे ही गोष्ट आपणां बायकांत केवढ्या नवलाईची असते हे मी सांगावयास नको. त्या पिढीतली स्त्री तर उखाण्याखेरीज ते ओठांवर आणीत नसे. तिने मर्यादेपोटी उच्चारले नाही, आणि दगडावर सरकारने कोरले नाही. मग ते नाव राहावे कोठे? मृत्यूची तिथीही पुष्कळांना कळली नसेल. अशांसाठी आपल्या पूर्वजांनी सर्वपित्री अमावास्या ठेवली आहे. शस्त्राने मेलेल्यांसाठी तिच्या आदल्या दिवशीची घातचतुर्दशी आहे. सरकारपेक्षा पंचांग अधिक कनवाळू म्हणावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धात ही रीत सुधारली. आपल्याच जिल्ह्यातील, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. ते सोडून बाकी सारे ठार किंवा जखमी झाले. एकटे यशवंतराव धावून गेले, हातबॉम्ब टाकून तोफ बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि बंदूक पुन्हा भरण्यास अवसर नाही असे पाहून उरलेल्या दोघांना तिच्या दस्त्याने लोळवले. तेवढ्यात लपलेल्या शत्रूच्या गोळीने ते पडले. वय अवघे बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्यांच्या पत्नीच्या हाती देण्यात आला. इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरलेले आहे, आणि माणगावात त्यांचा पुतळा उभा आहे.

कोणी म्हणेल, ती लढाई परक्यांची, राज्य परक्यांचे. त्याचे स्मरण आपण का करावे? प्रश्न रास्त आहे. पहिल्या युद्धात सुमारे 74 हजार आणि दुसऱ्यात सुमारे 87 हजार हिंदी सैनिक मेले, ते स्वराज्यासाठी मेले असे म्हणता येणार नाही. परंतु लढाई साहेबाची असली तरी मुलगा आपला होता. साम्राज्याचा गौरव न करताही त्याच्यासाठी पणती लावता येते.

तेव्हा भगिनींना एक विनंती. आपल्या घरी, माहेरी, शेजारी जुन्या पेटीत लढाईचे बिल्ले असतील. पहिल्या युद्धाचा मोठा गोल बिल्ला बहुधा चांदीचा असतो, म्हणून तो सोनाराकडे मोडीत देऊ नका. त्याची कड उजेडात धरून पाहा. तीवर इंग्रजीत शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते उतरून घ्या. घरातल्या वडीलधाऱ्यांना तो कोण, कोणत्या गावचा, मागे कोण राहिले, हे विचारा. आता आयोगाच्या नोंदी संगणकावरही पाहावयास मिळतात. आपल्या सुना-मुली ते काम सहज करतील. मिळालेली नावे मंडळाच्या वहीत लिहून ठेवू, आणि पुढल्या स्मरणिकेत एक पान त्यांच्यासाठी राखू. पाच नावे मिळाली तरी पाच घरांचे ऋण थोडेसे फिटेल.