गेममधला सैनिक पळत का नाही?

‘एज ऑफ एम्पायर्स’मधला सैनिक हेल्थ बार संपेपर्यंत लढतो. घाबरणं त्याला माहीतच नाही.

आता आपलं अकोल्याकडचं अडगाव बघा. २९ नोव्हेंबर १८०३. समोर भोसले-शिंद्यांची फौज, इकडे आर्थर वेलस्ली. तोफा सुरू झाल्या आणि त्याच्या जवळपास तीन पलटणी पळत सुटल्या. दोनच महिन्यांपूर्वी असईला याहून भयंकर मारा सोसलेल्या याच पलटणी! वेलस्लीनं स्वतः त्यांना पुन्हा रांगेत आणलं. आपण जवळ नसतो तर लढाई हरलो असतो, असं त्यानंच लिहून ठेवलंय.

‘एम्पायर: टोटल वॉर’मध्ये (२००९, त्यात मराठेही खेळता येतात) तुकड्या खचून पळतात. पण तिथं भीतीलाही हिशेब असतो: किती मेले, मागून कोण आलं. काल धीट, आज भित्रा, हे कोडमध्ये कसं बसवणार?

पंधरा दिवसांनी चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला. त्याआधी स्टीव्हन्सनच्या सैनिकांनी डोंगरात स्वतः रस्ता करत जड तोफा जवळपास ३० मैल ओढत नेल्या होत्या. गेममध्ये तेवढ्यासाठी एक क्लिक पुरतो.