विहिरीतील पाव : वसईतील एका लोककथेचा ऐतिहासिक विचार

वसई परिसरातील बागायती शतकानुशतके विहिरींच्या पाण्यावर पोसली गेली. विहिरीत साती आसरा या जलदेवता वास करतात, ही श्रद्धा कोकणात दूरवर आढळते. वसईत पोर्तुगीजकालीन धर्मांतराची कथाही विहिरीभोवतीच गुंफलेली आहे. पाद्र्यांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, नकळत ते पाणी प्यालेले सर्व बाटले व त्यांना ख्रिस्ती व्हावे लागले, अशी ती कथा होय. प्रस्तुत लेखात तिचे ऐतिहासिक मूल्य तपासले आहे.

इ.स. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकेपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. या काळात फ्रान्सिस्कन, जेझुइट आदी संघांनी येथे धर्मप्रसार केला. राजसत्तेचा दबाव, देवळांचा विध्वंस, सवलतींचे आमिष आणि काहींची स्वेच्छा, अशी धर्मांतराची कारणे अनेकविध होती. परंतु पावाचे पाणी प्याल्याने कोणी ख्रिस्ती होतो, असे चर्चचे धर्मशास्त्र मानत नाही. त्यासाठी बाप्तिस्मा आवश्यक असतो. म्हणजेच कथेतील पावाला बाटविण्याचे सामर्थ्य चर्चने दिलेले नसून जातिसमाजाच्या अन्नोदकाच्या निर्बंधांनी दिलेले आहे. विहिरीत पाव पाद्री टाकतो. पाणी पिणाऱ्यांना परके मात्र त्यांचे आप्त व शेजारीच ठरवतात.

आयर्लंडमधील लोककथांशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. तेथे १९३७ ते १९३९ या काळात शाळकरी मुलांकरवी लोकसाहित्याचे मोठे संकलन झाले. संतांच्या पवित्र विहिरीत कोणी कपडे धुतले, तर ती विहीर आटून दुसरीकडे प्रकटते, अशा कथा त्या देशात प्रचलित आहेत. तेथे विटाळ झाल्यावर विहीर जागा सोडते. वसईच्या कथेत माणसांना समाज सोडावा लागतो.

पाण्याच्या विटाळाची हीच कल्पना २० मार्च १९२७ रोजी महाडला उघड झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या अनुयायांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर सनातन्यांनी पंचगव्याने तळ्याचे शुद्धीकरण केले. वसईच्या कथेत मात्र बाटलेल्या माणसांसाठी शुद्धीचा कोणताही मार्ग दिसत नाही.

सारांश, ही कथा धर्मांतराच्या पद्धतीचा पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. ती तशी स्वीकारल्यास वसईतील ख्रिस्ती समाजाचे पूर्वज केवळ फसविले गेलेले ठरतात आणि त्यांना दूर लोटणारा समाज निर्दोष ठरतो. त्या समाजाच्या बहिष्काराची साक्ष म्हणून मात्र ही कथा मोलाची आहे.