कर्ता गाळलेले वाक्य

मराठी मुलाला इंग्रजीतला 'पॅसिव्ह व्हॉइस' शिकवताना 'हा आपला कर्मणी प्रयोग' एवढे सांगून आम्ही मास्तर मंडळी मोकळी होतो, आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते. 'रामाने आंबा खाल्ला' हा आपला अस्सल कर्मणी. क्रियापद आंब्याच्या तंत्राने चालते खरे, पण म्हणून राम काही वाक्यातून उठून जात नाही. इंग्रजीत हेच वाक्य सरळ कर्तरी होते. 'आंबा खाल्ला गेला' ही धाटणी मात्र इंग्रजीच्या सहवासाने आपल्याकडे रूढ झाली. व्याकरणकार तिला नवीन कर्मणी म्हणतात. तिच्यात राम ठेवला तरी चालतो, गाळला तरी चालतो.

ही सोय वाईट नव्हे. बाजारात पाकीट मारले गेले, तर चोराचे नाव आपण कोठून आणणार? तेथे 'माय पर्स वॉज स्टोलन' हेच योग्य. मात्र अपघात 'वॉज हॅपन्ड' असे कधी लिहू नये. घडणे हे अकर्मक क्रियापद, त्याला कर्मच नाही तर कर्मणी कसला? बाकी कर्ता ठाऊक असून गाळायचा, ही विद्या शिकवावी लागत नाही. हातातून पेला निसटलेले पोर 'पेला फुटला' असेच म्हणते, 'मी फोडला' असे म्हणत नाही.

पोरांचे सोडा. सरकारी कागदावर असे वाक्य आले म्हणजे काय होते, हे पाहावयास मला माणगावाहून फार दूर जावे लागत नाही. गोव्याच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले की लोणेरे आणि दासगाव मागे टाकून महाड येते. तेथे चवदार तळे आहे.

१९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला व तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांचा वापर अस्पृश्य वर्गांना करू दिला जावा, अशी ती शिफारस होती. मूळ इंग्रजीतले शब्द 'बी अलाउड' असे. बोल्यांची तळमळ खरी होती आणि त्या काळी एवढे लिहून घेणे हेही थोडे काम नव्हते. पण करू दिला जावा, तो कोणाकडून? तो पाण्याशी उभा असलेला गृहस्थ वाक्यात नाही. १९२४ साली महाड नगरपालिकेने आपले तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. तळे 'खुले झाले' आणि पाणी होते तेथेच राहिले. इतर धर्मांच्या माणसांना ज्या तळ्यावर मज्जाव नव्हता, तेथे गावच्या महाराला घागर बुडवता येत नव्हती.

मग २० मार्च १९२७ उजाडला. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे आणि त्यांच्या सोबत्यांनी खटपट करून भरविलेल्या परिषदेचा तो दुसरा दिवस. (माणगाव परिषद म्हणून जी १९२० साली गाजली, ती कोल्हापूरकडच्या माणगावची, पुष्कळ वाचक ती आमच्या गावावर घालतात.) परिषदेतून निघालेली मिरवणूक तळ्यावर गेली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी घेतले. हजारोंनी घेतले. चार वर्षे रिकामी असलेली कर्त्याची जागा अशी भरली. त्याची किंमतही त्यांनीच मोजली; परतणाऱ्या माणसांना गावात मारहाण झाली. मी आता लिहिले तेच वाक्य पाहा! मारहाण 'झाली' नव्हती, ती स्पृश्यांच्या जमावाने केली होती. पुढे त्याच लोकांनी तळ्यात शेण-गोमूत्र ओतून पाणी 'शुद्ध' केले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेले. तळ्यावर आमची अनादि वहिवाट आहे, हे स्पृश्यांचे म्हणणे शाबीत झाले नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाने दिला तेव्हा १९३७ साल उजाडले होते.

यावरून कर्मणी प्रयोगच टाकाऊ, असे कोणी म्हणेल. पण घटनेचे सतरावे कलम पाहा. अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातील आचरण निषिद्ध आहे, असे ते कलम. इंग्रजीत 'अबॉलिश्ड' आणि 'फॉरबिडन', दोन्ही कर्मणी, दोहोंतही कर्ता नाही. आणि तरी ते वाक्य मला उणे वाटत नाही. ज्यांच्या हातून हे झाले, त्यांचे नाव उद्देशिकेत अगदी आरंभी घातले आहे: 'वुई, द पीपल', आम्ही भारताचे लोक. तो कर्ता शेवटच्या कलमापर्यंत पुरतो. मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते, ज्यांनी महाडला ओंजळ भरली होती.

पण नष्ट झाली म्हणून जाहीर केलेली गोष्ट कोणी पुन्हा केली, तर शिक्षा कोणाला करावयाची? गाळलेल्या कर्त्याला बेडी घालता येत नाही. म्हणून १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) कायदा आला तेव्हा त्याची वाक्ये फिरली. १९७६ साली त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले, तरी ती वाक्ये तशीच आहेत. अपराध सांगणारी कलमे 'हूएव्हर' या शब्दाने, म्हणजे 'जो कोणी' याने, उघडतात. जो कोणी अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करील त्याला शिक्षा. पुढे जागांची यादी आहे: नदी, ओढा, झरा, विहीर, नळ. तळेही तिच्यात आहे.