चारणाद्रीची वंदना : वेरूळच्या सहलीतील शेवटचा टप्पा

छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघायचे, देवगिरीचा किल्ला पाहायचा, वेरूळची लेणी आणि घृष्णेश्वराचे दर्शन आटोपून सायंकाळी परतायचे, असा एका दिवसाच्या सहलीचा शिरस्ता अनेक वर्षे रूढ आहे. शहरापासून वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. तेथील ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन परंपरेची आहेत. मार्गदर्शकासोबत निघालेला यात्रेकरू बहुधा १६ व्या क्रमांकाच्या कैलास लेण्यापाशी सर्वाधिक वेळ रमतो. राष्ट्रकूट नृपती पहिला कृष्ण याच्या काळातील हे अखंड पाषाणातील मंदिर पाहून डोळे दिपतात, यात नवल नाही. मात्र तेथून उत्तरेस दीड-दोन किलोमीटरवर असलेली जैन लेणी दिवसाच्या अखेरीस वाट्याला येतात. वेळ संपला तर ती राहूनच जातात.

वास्तविक वेरूळच्या शिल्पपरंपरेचा हा परिपक्व कालखंड होय. ही लेणी प्रामुख्याने नवव्या-दहाव्या शतकांत कोरली गेली. त्या वेळी दक्षिणापथावर राष्ट्रकूटांची सत्ता होती. त्यांतील अमोघवर्ष राजाने (इ. स. ८१४ ते ८७८) आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानले होते. ३० क्रमांकाचे लेणे ‘छोटा कैलास’ म्हणून ओळखले जाते. कैलास मंदिराचा आदर्श समोर ठेवून एकाच खडकातून घडविलेले हे जिनमंदिर अपूर्ण राहिले. ३३ वे लेणे ‘जगन्नाथ सभा’, तर ३२ वे दुमजली लेणे ‘इंद्रसभा’ या नावाने प्रसिद्ध आहे. इंद्रसभेच्या प्रांगणात सर्वतोभद्र जिनप्रतिमा असलेले एकपाषाणी मंदिर आणि भव्य हत्ती आहे. वरच्या मजल्याच्या छतावर आकाशगामी आकृतींच्या चित्रांचे अवशेष आजही दिसतात.

‘इंद्रसभा’ हे नाव मात्र पाहणाऱ्याची दिशाभूल करते. वटवृक्षाखाली हत्तीवर विराजमान झालेल्या पुरुषमूर्तीस लोकांनी इंद्र मानले, आणि आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेल्या देवीस इंद्राणी. प्रत्यक्षात गजारूढ मूर्ती यक्षाची आहे. अभ्यासक तिला सर्वानुभूती अथवा मातंग या नावाने ओळखतात. मांडीवर बालक घेतलेली देवी म्हणजे भगवान नेमिनाथांची शासनदेवता अंबिका. देवराजाची सभा येथे नाहीच. येथे आहे ते जिनालय, आणि त्याचे रक्षण करणारे यक्ष-यक्षी. नाव चुकले की अर्थ चुकतो, आणि स्वतःचा वारसा पाहणारा श्रावकही परक्याच्या नजरेने तो पाहू लागतो.

खरा अर्थ कळतो तो समोरासमोर कोरलेल्या दोन मूर्तींतून. एकीकडे सप्तफणांच्या छायेत कायोत्सर्गात उभे भगवान पार्श्वनाथ. त्यांच्यावर कमठाच्या जीवाचे उपसर्ग चालले आहेत. कोणी शिळा उचलली आहे, कोणी पशूवर स्वार होऊन धावून येत आहे, आणि पद्मावती छत्र धरून उभी आहे. दुसरीकडे भगवान बाहुबली. अंगाला वेली वेढल्या आहेत, पायाशी हरिणे आणि सर्प निर्भयपणे विसावले आहेत, दोन्ही बाजूंस स्त्रीमूर्ती आहेत. एका मूर्तीभोवती वैराचे थैमान, दुसऱ्या मूर्तीभोवती अरण्याची शांतता. पण दोन्ही मुद्रा सारख्याच अविचल आहेत. बाहेर काहीही घडो, आत्मा स्थिर राहावा, हा संदेश शिल्पकाराने शब्दांवाचून दिला आहे. जिनसेनाचार्यांनी ‘पार्श्वाभ्युदय’ काव्यात कमठाचा उपसर्ग वर्णिला आणि ‘आदिपुराणा’त भरत-बाहुबलींची कथा सांगितली, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या युगाच्या साहित्याला आणि शिल्पाला जोडणारा धागा स्पष्ट होतो.

डोंगरावरील पार्श्वनाथांची पद्मासनस्थ प्रतिमा ही याच परंपरेची पुढील कडी. तिच्यावरील लेख शके ११५६, म्हणजे इ. स. १२३४-३५ चा. तेव्हा जवळच्या देवगिरीवर यादवांचे राज्य होते. वर्धनपूरच्या चक्रेश्वर नामक श्रावकाने ही प्रतिमा घडविली. लेखात या डोंगरास ‘चारणाद्री’ म्हटले असून भरताने कैलास पर्वत पावन केला त्याप्रमाणे चक्रेश्वराने जिनप्रतिमांनी हा डोंगर पावन केला, असा गौरव केला आहे. लेणी कोरण्याचा काळ सरल्यावरही तीर्थ जिवंत राहिले ते राजाश्रयामुळे नव्हे, एका गृहस्थाच्या श्रद्धेमुळे.

युनेस्कोने १९८३ साली वेरूळला जागतिक वारशाचा दर्जा दिला. दगडांचे रक्षण शासन करील. त्या दगडांतील अर्थाचे रक्षण मात्र समाजालाच करावे लागेल. म्हणून श्रावक संघांनी आणि पाठशाळांनी वेरूळची सहल योजताना मंगळवारची सुट्टी टाळावी, आणि दिवसाचा प्रारंभ ३० ते ३४ क्रमांकांच्या लेण्यांपासून करावा. अंबिकेला अंबिका म्हणून ओळखणारे, पार्श्व-बाहुबलींसमोर क्षणभर मौन धरणारे आणि चारणाद्रीच्या पायऱ्या चढणारे बालक हेच चक्रेश्वराचे खरे वारसदार ठरतील.