गेम मास्टरची जडणघडण
टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिकाखेळात गोष्ट पुढे नेणारा खेळाडू म्हणजे गेम मास्टर. प्रसंग उभा करणे, इतरांनी न घेतलेली पात्रे वठवणे आणि नियमांचा निवाडा करणे ही त्याची कामे. ही विद्या सुरुवातीपासून पुस्तकापेक्षा सहवासातून पसरली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी १९६९ मध्ये ‘ब्राउनस्टाइन’ हा अशा खेळांचा पूर्वज खेळवला. त्यात खेळलेल्या डेव्ह आर्नेसन यांनी पुढे ‘ब्लॅकमूर’ रचला आणि १९७२ मध्ये तो गॅरी गायगॅक्स यांना खेळवून दाखवला. यातूनच या दोघांचा १९७४ चा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा भूमिकाखेळ जन्मला. त्याच्या मूळ पुस्तिका नवख्याला जवळजवळ दुर्बोध होत्या. फ्रँक मेंट्झर यांच्या १९८३ च्या आवृत्तीने वाचकाला आधी एकट्याने खेळायला लावले, मग सूत्रे हाती दिली; ही युक्ती आजही सरस वाटते.

जाणता मार्गदर्शक नवख्याला एका बैठकीत संपणारे छोटे साहस देतो आणि स्वतः साधा खेळाडू म्हणून बसतो. नियम अडला तर तात्पुरता निर्णय द्यायचा, पुस्तक नंतर चाळायचे. चुका खेळ संपल्यावरच, तेही एकांतात सांगायच्या.

सहवासातून शिकण्याची ही रीत आपल्याकडेही आहे. सिंधुदुर्ग-गोव्याकडील दशावतार या लोकनाट्यात लिखित संहिता नसते; आख्यानाचा आराखडा ठरतो, संवाद रंगमंचावर सुचतात आणि नवा नट जाणत्यांसमोर उभा राहून तयार होतो. पण तिथे शेवट पुराणाने ठरवलेला असतो. गेम मास्टरला तो खेळाडूंवर सोडावा लागतो, आणि नवख्याला हेच सर्वांत जड जाते.