कर्ता नसलेले वाक्य

सज्जनहो, हिरोशिमा पाहायला एकच दिवस हाताशी असेल, तर आधी मोतोयासू नदीच्या काठी उभे राहा. १९१५ साली बांधलेल्या प्रदर्शन-इमारतीचा सांगाडा तेथे अजून जपून ठेवला आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी अमेरिकेचा अणुबॉम्ब जवळजवळ तिच्या माथ्यावरच फुटला. वर्षअखेरीपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे गेली.

नदीपलीकडे शांतता उद्यानात घराच्या छपरासारखी कमान आहे. तिच्याखालच्या दगडी पेटीत मृतांच्या नावांच्या वह्या आहेत. तेव्हा वाचलेल्यांपैकी जे पुढे निवर्तले, त्यांची नावे दरवर्षी ६ ऑगस्टला तीत ठेवतात. आज ती ३ लाखांहून अधिक आहेत. पेटीवर १९५२ साली कोरलेल्या वाक्याचा भाव असा : शांत झोपा, ही चूक पुन्हा होणार नाही.

मूळ जपानी वाक्यात कर्ता नाही. मग चूक कोणाची?

त्याच वर्षी न्यायमूर्ती राधाबिनोद पाल तेथे आले आणि त्यांनी हेच विचारले. टोकियोच्या युद्धखटल्यात सर्व आरोपींना निर्दोष ठरवणारे हे बंगाली न्यायाधीश. बॉम्ब टाकणारे हात जपानी नव्हते. मग जपान्यांनी चूक का पदरी घ्यावी? प्रश्न रास्त होता. होरपळलेल्या लेकरांनी कोणाचे काय बिघडवले होते?

वाक्य रचणारे प्राध्यापक साइका तादायोशी स्वतः त्या बॉम्बमधून वाचलेले. त्यांचे म्हणणे असे, की येथे बोलणारी सारी मानवजात आहे.

हे शहरही युद्धापासून दूर नव्हते. १८९४ साली चीनशी युद्ध पेटले, तेव्हा सम्राटांचे लष्करी मुख्यालय येथे आले आणि जवळच्या उजिना बंदरातून फौजा निघाल्या. पण म्हणून त्या लेकरांचे जळणे न्याय्य ठरत नाही. मारणाऱ्याचा दोषही तसूभर कमी होत नाही.

तरी माउलीहो, आपल्या संतांनी पांडुरंगापुढे दोष मांडले ते शेजाऱ्याचे नव्हेत, स्वतःचे. दुसऱ्याचा दोष मोजताना राग वाढतो. आपला सांगताना मान झुकते. त्या पेटीपुढे हात जोडाल, तेव्हा कर्त्याच्या रिकाम्या जागी क्षणभर 'मी' ठेवून पाहा. माझ्या घरात, माझ्या गावात, माझ्या बोलण्यात कोणते वैर मी अजून जपून ठेवले आहे?

रामकृष्ण हरी.