पाठीवरचे दप्तर : संशोधन १९६५ चे, धोरण २०२० चे

केंद्र सरकारने २०२० मध्ये शालेय दप्तर धोरण जाहीर केले. पहिली ते दहावीच्या विद्यार्थ्याचे दप्तर त्याच्या शरीराच्या वजनाच्या १० टक्क्यांहून जड असू नये, असे त्यात सांगितले आहे. ही मर्यादा मात्र नवी नव्हती. भारतीय शास्त्रज्ञांनी जवळपास तीच मर्यादा ५५ वर्षांपूर्वी सुचविली होती.

१९६५ साली ‘अर्गॉनॉमिक्स’ या संशोधनपत्रिकेत एम. एस. मल्होत्रा आणि जे. सेनगुप्ता यांचा शाळकरी मुलांच्या दप्तरांवरील शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दप्तर वाहण्याच्या निरनिराळ्या पद्धतींत मुलांच्या शरीराची किती ऊर्जा खर्च होते, हे त्यांनी मोजले. दोन्ही खांद्यांवर पट्टे घेऊन पाठीवर दप्तर वाहताना सर्वांत कमी ऊर्जा लागली, हातात धरून नेताना सर्वाधिक. पुढे १९७१ मध्ये एस. आर. दत्ता आणि एन. एल. रामनाथन यांनी ३० किलोचे ओझे वाहण्याच्या सात पद्धतींची तुलना केली. छाती आणि पाठ यांवर ओझे विभागून घेणे सर्वांत कमी कष्टाचे ठरले. हातात वाहणे येथेही शेवटच्या क्रमांकावर राहिले.

यामागचे कारण साधे आहे. ओझे शरीराच्या मध्यरेषेपासून जितके दूर, तितका तोल सावरण्यासाठी स्नायूंवर अधिक ताण येतो. पट्टे सैल ठेवून दप्तर कमरेखाली लोंबू दिले, की ते धडाला मागे खेचते आणि मूल पुढे वाकते. एकाच खांद्यावर अडकविले, तर तो खांदा उचलला जातो व कणा बाजूला झुकतो.

प्रयोगशाळेतील हे ज्ञान शाळेच्या दारापर्यंत पोहोचण्यास फार वेळ लागला. १९८९ मध्ये आर. के. नारायण यांनी राज्यसभेतील आपले पहिलेच भाषण दप्तराच्या ओझ्यावर केले. १९९२ मध्ये वैश्विक किरणांचे अभ्यासक प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. न समजता शिकण्याचे ओझे दप्तराच्या ओझ्याहून घातक आहे, असा निष्कर्ष तिने १९९३ च्या अहवालात नोंदविला. २००६ मध्ये दप्तराचे वजन मर्यादित करणारे खासगी विधेयक राज्यसभेत मांडले गेले. त्याचा कायदा झाला नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावयास हवी. केवळ जड दप्तरामुळे मुलांना पाठदुखी जडते, याला २०१८ च्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात भक्कम पुरावा आढळला नाही. पाठदुखीला इतरही कारणे असतात. तरीही वाकलेले धड आणि थकलेले खांदे दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत.

म्हणूनच २०२० च्या धोरणाने वजनासोबत दप्तराच्या रचनेचाही विचार केला : दप्तर हलके असावे, त्याचे दोन्ही पट्टे सारखे, गादीदार आणि दोन्ही खांद्यांवर नीट बसणारे असावेत. त्याला जोड म्हणून पालकांनी इतके पाहावे : जड पुस्तके पाठीलगतच्या कप्प्यात ठेवावीत, दप्तराचा तळ कमरेखाली उतरू देऊ नये आणि आठवड्यातून एकदा ते काट्यावर ठेवावे. २५ किलो वजनाच्या मुलासाठी मर्यादा अडीच किलोची आहे. आपल्या घरातील दप्तराचा आकडा किती निघतो, हे आजच पाहावे.